एका मुळीचें ऋण

नीतिशास्त्रावरील ग्रंथांत कर्तव्याचा विचार बहुधा माणसामाणसांतील व्यवहारापुरताच केलेला आढळतो. पुत्राचें पित्याविषयीं, राजाचें प्रजेविषयीं, ऋणकोचें धनकोविषयीं कर्तव्य काय, हें तेथें पुष्कळ विस्तारानें सांगितलेलें असतें. दयेच्या प्रकरणांत पशूंविषयींहि चार शब्द सांपडतात. कारण पशूला वेदना होतात आणि त्या पाहून आपलें मन द्रवतें. परंतु जें बोलत नाहीं, विव्हळत नाहीं, ज्याची उंची वीतभर, आणि जें वर्षांतून चार महिनेच काय तें जमिनीवर दिसतें, अशा एखाद्या रोपट्याविषयीं आपलें कांहीं कर्तव्य आहे काय, असें विचारलें तर चांगला सुशिक्षित गृहस्थहि क्षणभर हंसेल. प्रस्तुत लेखांत हाच प्रश्न विचारावयाचा आहे. आणि तो नुसता हवेंत न विचारतां आमच्या वऱ्हाडांतील एका वनस्पतीच्या निमित्तानें विचारावयाचा आहे. ती वनस्पति म्हणजे सफेद मुसळी.

अमरावतीहून परतवाड्यावरून चिखलदऱ्याकडे जाणारा रस्ता घाट चढूं लागला म्हणजे मेळघाटाचा मुलूख सुरू होतो. गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले याच डोंगरांत आहेत. पहिला अमरावती जिल्ह्यांत, दुसरा अकोल्याच्या. दक्षिणेला कापसाचें काळें सपाट रान. उत्तरेला सागाचें जंगल, आणि सिपना, गडगा, खापरा या नद्यांचें पाणी तापीकडे नेणाऱ्या दऱ्या. या जंगलांत मृगाचा पाऊस पडला कीं पालापाचोळ्यांतून मुसळीचीं लांबट पानें वर येतात. श्रावणाच्या सुमारास पानांच्या मधून एक दांडा निघतो व त्यावर लहान पांढरीं फुलें लागतात. पुढें बोंडांत काळें बीं धरतें. आणि आश्विन लागतां लागतां पानें पिवळीं पडून वाळून जातात. त्यानंतर पुढचा पाऊस येईपर्यंत ही वनस्पति त्या जागीं आहे कीं नाहीं, हें वरून पाहणाराला सांगतां येत नाहीं. ती असते ती जमिनीच्या पोटांत, बोटासारख्या मांसल मुळ्यांचा झुबका होऊन.

या मुळ्या सोलून वाळविल्या म्हणजे पांढऱ्या शुभ्र होतात, व शक्तिवर्धक म्हणून वैद्यांच्या व औषधी कारखान्यांच्या बाजारांत त्यांस मोठी मागणी असते. या जातीस शास्त्रीय नांव मिळालें तें १९५५ सालीं. मुंबईचे फादर सांतापाव व त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि बोरिवलीच्या नांवावरून तिला क्लोरोफायटम बोरिव्हिलिॲनम असें म्हटलें. ठाण्या-कुलाब्याकडील वाचकांस ती निराळ्या नांवानें ठाऊक असेल. पावसाळ्याच्या आरंभीं तिकडे फोडशी किंवा कुलू म्हणून जी रानभाजी विकावयास येते ती या मुसळीचींच कोवळीं पानें होत. पान खुडलें तर झाड मरत नाहीं. मूळ खणलें तर मागें कांहीं उरत नाहीं. एकाच वनस्पतीशीं माणसाचे हे दोन संबंध ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत, कारण पुढील सारा विचार या भेदावर उभा आहे.

रानांतील मुसळी कमी होत चालली आहे, आणि संकटांत सांपडलेल्या औषधी वनस्पतींत तिची गणना होऊं लागली आहे. याचें कारण केवळ लोभ असें म्हणून मोकळें होतां येणार नाहीं. मुसळीच्या स्वभावांतच एक अडचण आहे. तिचीं मुळें पूर्ण पोसतात तीं पानें वाळल्यावर, आणि पानें वाळलीं कीं ती कोठें आहे हें दिसेनासें होतें. म्हणून खणणारा जातो तो पानें हिरवीं असतांनाच. त्या वेळीं मूळ अपुरें असतें व बीं गळालेलें नसतें. अशा रीतीनें एका कुदळीच्या घावानें आजचें झाड आणि उद्यांचीं झाडें दोन्ही एकदमच जातात. शिवाय रान सर्वांचें. आज मी थांबलों तर उद्यां दुसरा खणणार, हें प्रत्येकाला ठाऊक असतें. थांबण्याचा लाभ ज्याला मिळण्याची खात्री नाहीं तो थांबत नाहीं, ही गोष्ट सावकार, व्यापारी व सरकारी ठेकेदार यांच्याइतकीच डोंगरांतल्या माणसालाहि लागू आहे.

यावर व्यवहारी मनुष्य विचारील कीं, यांत एवढें चिंतेचें काय आहे? मुसळी आतां शेतांत पिकते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून अंजनगांव, अकोट, तेल्हारा या टापूंत, जेथें पानमळे व पानपिंपळी जोपासण्याची जुनी परंपरा आहे तेथें, शेतकऱ्यांनीं तिची लागवड केली. केंद्र सरकारनें २००० सालीं औषधी वनस्पतींसाठीं राष्ट्रीय मंडळ स्थापिलें, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठांत औषधी वनस्पतींचें नागार्जुन उद्यान आहे. तेव्हां डोंगरांतली मुसळी संपली तरी मुसळी कांहीं संपत नाहीं. उलट ती वाढतच आहे.

हा युक्तिवाद दिसावयास सयुक्तिक आहे, पण त्यांत संख्या आणि विविधता या दोहोंची गल्लत झालेली आहे. शेतांतली मुसळी बियांपासून लावीत नाहींत. तिचें बीं उगवतें थोडें, आणि उगवलें तरी त्याचें मूळ पोसावयास फार वेळ लागतो. म्हणून शेतकरी मागच्या वर्षीच्या झुबक्यांतील एकेक मुळी माथ्यावरच्या डोळ्यासह वेगळी करून लावतो. अशा मुळीपासून आलेलें झाड हें जुन्या झाडाचें मूल नव्हे; तें जुनें झाडच होय. एका चांगल्या झुबक्यापासून दहा वर्षांत अनेक एकर भरतील, पण त्या अनेक एकरांत आनुवंशिक दृष्ट्या झाड एकच असेल. ज्याच्या घरीं एकाच पोथीच्या हजार प्रती आहेत त्याच्याजवळ ग्रंथालय आहे असें आपण म्हणत नाहीं.

रानांतली गोष्ट निराळी आहे. तेथें बीं पडतें, उगवतें, मरतें, क्वचित् जगतें. चिखलदऱ्याच्या थंड माथ्यावर जें जगलें तें एका प्रकारचें, नरनाळ्याच्या तापलेल्या दगडांत जें जगलें तें दुसऱ्या प्रकारचें. कोणी अवर्षण सोसणारें, कोणी मूळकुजीला दाद न देणारें, कोणाच्या मुळांत औषधी द्रव्य अधिक. डोळ्यांना हीं सर्व झाडें सारखींच दिसतात. त्यांच्यातला भेद बीजाच्या पोटांत असतो आणि तो आपल्याला कळतो तो प्रसंग आल्यावरच.

असा प्रसंग आला म्हणजे काय होतें याचे दोन दाखले इतिहासांत प्रसिद्ध आहेत. आयर्लंडांतील गरीब कुळें बटाट्यावर जगत होतीं, व त्यांच्या शेतांत मुख्यत्वें एकच वाण होता. तोहि कंदापासूनच लावलेला. १८४५ सालीं त्यावर करपा पडला. रोगाला एक झाड बळी पडलें म्हणजे सर्व झाडें बळी पडावयाचीं, कारण झाड एकच होतें. पुढील कांहीं वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं, व तितकींच देश सोडून गेलीं. अन्नाची निर्यात आणि सरकारचें धोरण यांचाहि त्यांत दोष होता. पण अनर्थाचा आरंभ त्या एकसारखेपणांत होता. दुसरा दाखला याच्या उलट आहे. १९७० च्या सुमारास आशियांतील भातशेतीवर एक विषाणुजन्य खुजा रोग पसरला. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें हजारों वाण तपासले. एकालाहि त्या रोगाचा प्रतिकार करतां येईना. अखेर प्रतिकारशक्ति सांपडली ती आपल्या उत्तर प्रदेशांतून आणून ठेवलेल्या एका रानभातांत. ज्याला तेथील शेतकरी तण म्हणून उपटून टाकीत असेल त्या गवताच्या अंशावर पुढें कोट्यवधि लोकांचें अन्न वांचलें.

तेव्हां उपयुक्ततेच्या दृष्टीनें पाहिलें तरी रानांतली मुसळी राखली पाहिजे, असें सिद्ध होतें. परंतु आमच्या मतें येथें थांबणें धोक्याचें आहे. केवळ उपयोगासाठीं जें राखावयाचें तें उपयोग संपतांच टाकावयास हरकत राहत नाहीं. उद्यां एखाद्या रसायनज्ञानें मुसळींतील द्रव्य प्रयोगशाळेंत तयार केलें, तर तिच्याविषयींचें आपलें कर्तव्य त्याच दिवशीं संपलें काय? आणि ज्या शेजारच्या वनस्पतीचा उपयोग अजून कोणास ठाऊकच नाहीं तिच्याविषयीं आपलें कर्तव्य मुळीं नव्हतेंच काय? तक्षशिलेच्या जीवकाची कथा बौद्ध वाङ्मयांत आहे. गुरूनें त्याला सांगितलें कीं, नगराच्या सभोंवतीं योजनभर फीर आणि जें औषध नव्हे असें कांहीं आढळेल तें घेऊन ये. जीवक फिरून रित्या हातांनीं परत आला, आणि गुरूनें त्याची विद्या पुरी झाली असें म्हटलें. या कथेचा बोध सर्व वनस्पति उपयोगी आहेत एवढाच नाहीं. निरुपयोगी ठरविण्याचा अधिकार अर्धवट ज्ञान असलेल्याला नाहीं, हा तिचा खरा बोध आहे. आणि वनस्पतींच्या बाबतींत आपल्या सर्वांचेंच ज्ञान अर्धवट आहे.

कर्तव्याचा खरा पाया उपयोगाहून खोल आहे, आणि आपल्या परंपरेंत त्याला ऋण हा फार समर्पक शब्द आहे. मुसळीचा गुण वैद्यानें निर्माण केलेला नाहीं, कारखानदारानें तर नाहींच नाहीं. तो अगणित पावसाळ्यांत, अगणित रोपांच्या मरणांतून तयार झाला. आणि हें मूळ औषध आहे हें पिढ्यान् पिढ्या चाखून, भोगून ज्यांनीं ठरविलें त्यांचीं नांवेंहि उरलीं नाहींत. आपण या दोन्ही गोष्टींचे वारस आहों, मालक नव्हे. वारसानें उत्पन्न खावें, पण भांडवल मोडूं नये, हें कोणताहि मध्यमवर्गीय कुटुंबवत्सल माणूस आपल्या घरच्या बाबतींत जाणतो. फोडशीचें पान हें उत्पन्न आहे. बीं गळण्यापूर्वीं उपटलेलें मूळ हें भांडवल आहे.

पूर्वजांनीं हें भांडवल नेहमींच जपलें असा मात्र गोड समज करून घेऊं नये. जीवक, ऋषभक, मेदा, महामेदा, काकोली, क्षीरकाकोली, ऋद्धि आणि वृद्धि या हिमालयांतील आठ वनस्पतींना आयुर्वेदांत अष्टवर्ग म्हणतात. सोळाव्या शतकांत भावमिश्रानें भावप्रकाश लिहिला तेव्हां त्या इतक्या दुर्लभ झाल्या होत्या कीं, राजांनाहि त्या मिळत नाहींत असें नमूद करून त्यानें त्यांच्या जागीं विदारी, शतावरी, अश्वगंधा व वाराही घ्याव्या असें सांगितलें. आज त्या आठांपैकीं अमुक वनस्पति म्हणजे नेमकी कोणती याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. पदार्थ हातून गेला, मागून त्याची ओळख गेली, आणि आतां उरलें आहे तें नांव. आमच्या डोळ्यांदेखत मुसळीचें असें होऊं नये, अशी इच्छा धरणें हें भाबडेपणाचें लक्षण खचित नाहीं.

येथवर बहुतेक वाचक आमच्याशीं सहमत होतील. खरी अडचण पुढें आहे. हें ऋण फेडावयाचें कोणीं?

मेळघाटांत मुसळी खणणारा तो बहुतांशीं कोरकू. १९९३ सालापासून त्या मुलुखांतील कुपोषणाच्या व बालमृत्यूंच्या वार्ता महाराष्ट्र वाचीत आला आहे. पावसाळ्यांत जुनें धान्य संपलेलें, नवें हातीं आलेलें नाहीं, आणि मुसळीचीं पानें दिसतात तीं नेमकीं याच महिन्यांत. अशा वेळीं पिशवीभर मुळ्यांचे जे पैसे मिळतात त्यांतून मीठ, तेल, मुलाचें औषध येतें. त्याला शहरांतल्या खुर्चींत बसून, तूं पुढच्या पिढ्यांचें भांडवल मोडतोस, असें सांगणें सोपें आहे. पण त्यांत नीति थोडी आणि निर्लज्जपणा अधिक आहे. कारण त्या मुळीचें पौष्टिक चूर्ण होऊन तें ज्याच्या घरीं येतें तो कोरकू नव्हे. तो तुमच्याआमच्यांतला असतो. मूळ खणणाराच्या हातांत तिची अगदीं थोडी किंमत पडते. बाकीची वाटेंत वाटली जाते. लाभ ज्यानें घेतला त्यानें भार उचलावा, हा व्यवहारांतला साधा न्याय येथें लावला तर संरक्षणाचा बहुतेक भार बाजारावर व गिऱ्हाइकावर येतो, डोंगरावर येत नाहीं.

बीजासाठीं माणसानें किती सोसावें याचें एक अत्युच्च उदाहरण दिलें जातें. १९४१ पासून लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडला असतां तेथील वनस्पतिसंस्थेंतील संशोधकांनीं जगभरांतून आणलेला बीजसंग्रह राखला. भोंवतीं तांदूळ, गहूं, शेंगदाणे यांच्या पिशव्या असतां त्यांतील कित्येकजण उपासानें मेले. तो संग्रह उभारणारा वाविलोव्ह स्वतः १९४३ सालीं स्वदेशाच्या तुरुंगांत मरण पावला. हें वाचून कोणाचें मस्तक नम्र होणार नाहीं? पण या उदाहरणाचा उपयोग जपून केला पाहिजे. त्या संशोधकांनीं तो त्याग स्वतः पत्करला होता. त्या बियांचा अर्थ ते जाणत होते. पत्करलेला उपवास हा त्याग होय. लादलेला उपवास ही उपासमार होय. हुतात्म्यांच्या कथा सांगून भुकेल्या माणसाकडून संयमाची अपेक्षा करणें म्हणजे दुसऱ्याच्या ताटांतून दान करण्यासारखें आहे.

कायद्यानें हें तत्त्व अंशतः मान्य केलें आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यांत, ज्यांनीं वनस्पति राखली त्यांस तिच्या व्यापारी लाभांतून वांटा मिळावा असें सूत्र आहे. २०२३ सालीं झालेल्या दुरुस्तीनें लागवडीच्या औषधी वनस्पतींस या बाबतींत मोकळीक दिली. शेतकऱ्याच्या मागें परवान्यांचा ससेमिरा नको, हा त्यांतील हेतु रास्त आहे, व अंजनगांवच्या शेतकऱ्याला अवर्षण आणि पडते भाव यांचा भार पुरेसा आहे. पण शेतांतली पहिली मुळी कधीं तरी रानांतूनच आली, ही गोष्ट दुरुस्तीनें बदलत नाहीं. कायद्यानें देणें माफ केलें म्हणजे ऋण फिटलें असें होत नाहीं. शेतकऱ्याकडून तें घेऊं नये असें वाटत असेल तर सर्वांनीं मिळून, म्हणजे सरकारी तिजोरींतून व कारखान्यांच्या नफ्यांतून, तें द्यावें.

वाटा नाहींत असें नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गांवाला आपल्या रानावर सामूहिक हक्क मिळूं शकतो. अचलपूर तालुक्यांतील पायविहीर या गांवानें २०१२ सालीं असा हक्क मिळविला, उजाड टेकड्यांवर झाडें लावलीं, आणि सीताफळें एकत्र विकूं लागलें. आज मी थांबलों तर उद्यां दुसरा नेईल, ही भीति गेली कीं थांबणें हें वेडेपण राहत नाहीं, शहाणपण ठरतें. मुसळीच्या बाबतींत थांबणें म्हणजे फार नाहीं: हिरवेपणीं जागा खुणेनें धरून ठेवावी, बीं गळूं द्यावें, पान वाळल्यावर खणावें, आणि झुबक्यांतील लहान मुळ्या माथ्यासकट परत मातींत पुराव्या. शास्त्रज्ञांनीं निरनिराळ्या टेकड्यांवरचीं बीं व मुळें निरनिराळीं नोंदवून राखावीं, केवळ अधिक उत्पन्न देणाऱ्या वाणामागें लागूं नये. १९७३-७४ सालीं देशांतील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत मेळघाट घेतला गेला. वाघासाठीं रान राखलें त्यांत मुसळीचीहि कांहीं राखण झाली आहे. पण त्यासाठीं ज्यांना आपलीं गांवें सोडावीं लागलीं त्यांचा हिशेब या राखणींत धरला पाहिजे. आणि गिऱ्हाइकानें, म्हणजे आपण, चूर्णाची बाटली घेतांना मुळी कोठून आली व खणणाराला काय मिळालें, एवढें विचारण्याची संवय लावून घ्यावी. विचारणारे वाढले म्हणजे उत्तर ठेवणें व्यापाऱ्याला भाग पडतें.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत ओषधींना उद्देशून एक सूक्त आहे. त्यांत खणणारा वनस्पतींची प्रार्थना करतो कीं, तुम्हांला खणणाराला इजा होऊं नये, व ज्याच्यासाठीं मी खणतों त्यालाहि होऊं नये. त्या काळीं रान अफाट होतें आणि माणूस भितरा व एकाकी होता; तेव्हां रक्षण मागावयाचें तें माणसानें, हें ओघानेंच आलें. वनस्पतीला आपल्यापासून कांहीं भय असेल ही कल्पना त्या ऋषीला सुचण्याचें कारणच नव्हतें. आज परिस्थिति उलटली आहे. तरीहि ती प्रार्थना आपल्याला टाकून देतां येणार नाहीं. कारण खणणारा अजून डोंगरांत आहे, तो अजूनहि एकाकी आहे, आणि त्यालाहि इजा होतां कामा नये. मुळीचें रक्षण आणि खणणाराचें रक्षण अशीं दोन कर्तव्यें समोर असतां एकासाठीं दुसरें सोडण्याचा मोह होतो. जंगलाचे कैवारी दुसरें सोडतात, व्यापारी पहिलें सोडतात, आणि कित्येकदां दोन्हीहि सुटतात. तीं दोन्ही एकत्र सांभाळण्यास जो खर्च लागेल तो कोणी देणार नसेल, तर मेळघाटाच्या मातींतून पावसाळ्यांत वर येणारीं तीं पानें हळूहळू कमी होत जातील, व खालीं शेतांत मुसळी पिकत असल्यामुळें पुष्कळ वर्षें तें कोणाच्या लक्षांतहि येणार नाहीं.